चेअरमन साहेब, तोडणी करारात एक रकाना मुलांचाही हवा

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
सोलापूर जिल्ह्यातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखाने

विषय : ऊसतोड कुटुंबांबरोबर येणाऱ्या मुलांची नोंद

महोदय,

टोळ्यांचे करार एव्हाना उरकत आले असतील. उचली, म्हणजे मजुरांना आगाऊ द्यायचे पैसे, वाटून झाल्या असतील, कुठल्या गटात किती कोयते (तोडणी करणाऱ्या जोड्या) टाकायचे याचा हिशेब शेतकी खात्याने मांडला असेल. दसऱ्याच्या आगेमागे बॉयलर पेटतील, उसाची पहिली मोळी टाकली जाईल आणि दिवाळीचा फराळ संपायच्या आत बीड, धाराशिव, जालना, पाथर्डी भागातून ट्रक-ट्रॅक्टर भरभरून माणसं आपल्या जिल्ह्यात उतरतील. त्यांच्याबरोबर हंडे, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, कोंबड्या आणि मुलं येतील.

हे पत्र त्या मुलांविषयी आहे. मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. तोडणी-वाहतुकीच्या करारासोबत तुम्ही टोळीतल्या मजुरांची यादी घेता. त्या यादीत मुलांसाठी रकाना करा. नाव, वय, इयत्ता, गावाकडची शाळा एवढं पुरे. हंगाम सुरू होतानाच ती यादी तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना द्या. आणि टोळी एका गावातून दुसऱ्या गावात हलवाल, तेव्हा मुलंही हलली हे त्या गावच्या शाळेला कळवा.

मी मोहोळ तालुक्यातली ऊस उत्पादक सभासद. उजनीच्या पाण्यावर आमचं थोडं लागणीचं, थोडं खोडव्याचं क्षेत्र आहे. धाकटा जिल्हा परिषदेच्या शाळेत होता तोवर शाळा व्यवस्थापन समितीवरही होते. त्यामुळे ऊस आणि शाळा दोन्हीकडचे कागद थोडेफार पाहिले आहेत, आणि ते एकमेकांना कधीच भेटत नाहीत हेही पाहिलं आहे.

आपल्या धंद्यात मोजायचं काही शिल्लक राहिलेलं नाही. लागण कधीची, जात कुठली, नोंदीला किती क्षेत्र, सगळं लिहिलेलं असतं. तोड कधी, गाडी कुठली, काट्यावर वजन किती भरलं, याचे मेसेज मोबाइलवर येतात. (त्या वजनावर आमचा विश्वास किती, हा वेगळा विषय. तो सभेत दरवर्षी निघतोच.) साखरेचा उतारा दशांशापर्यंत निघतो. कुठली टोळी कुठल्या फडात आहे, हे चिटबॉयला, म्हणजे तोडीवर देखरेख करणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. विमा उतरवताना मजुराबरोबर बैलही धरले जातात, कोपी, म्हणजे मजुरांची झोपडी, जळाली तर तिच्या भरपाईचीही सोय असते. त्या कोपीत झोपलेली मुलं किती, हे मात्र माझ्या पाहण्यातल्या एकाही कागदावर नाही.

शाळेची बाजू जरा सविस्तर सांगते. तुमच्या संचालक मंडळांत शिक्षण संस्था चालवणारे पुष्कळ आहेत, त्यांना ती चटकन कळेल. कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणारी संचमान्यता होते ती 30 सप्टेंबरच्या पटावर. त्या दिवशी टोळीतलं पोर पाटोद्याच्या नाहीतर आष्टीच्या एखाद्या वस्तीवरच्या शाळेत बसलेलं असतं. महिना-दीड महिन्यात ते आपल्या शिवारात येतं. इकडच्या शाळेत वीस मुलं वाढली तरी शिक्षक वाढत नाही. तिकडच्या शाळेला एक जरी नाव कमी झालं तरी पद जाण्याची भीती. मग दोन्हीकडे सोयीचं एकच असतं : पोर तिकडच्या पटावर राहावं आणि इकडे कुणाच्या नजरेस पडू नये. यात कोणी वाईट माणूस शोधायची गरज नाही. इकडच्या मुख्याध्यापकांनी मुलाला बसवून घेतलं, तर ऑनलाइन प्रणालीत ते आधीच दुसऱ्या शाळेत दिसतं, आणि मग पोषण आहाराचा हिशेब कसा जुळवायचा, पुस्तकं कुठून आणायची, हे सगळं त्यांच्या डोक्यावर. तरीही बसवून घेणारे गुरुजी आणि बाई आहेत, हे मुद्दाम लिहायला हवं.

कायद्यात अडचण कुठेच नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं, हे त्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून सरळ लिहिलं आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे पाचव्या कलमात आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, हे चौदाव्यात. गावाकडच्या शाळेने पोराच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यावं आणि ते दाखवून त्याने जिथे जाईल तिथे वर्गात बसावं, अशी सोयही केलेली आहे. असं असूनही आमच्या भागातल्या एका शाळेतून टोळीतल्या एका बाईला 'आधी दाखला आणा' म्हणून परत पाठवलं गेलं. दाखल्यासाठी गावाकडे जायचं म्हणजे तोडीचा खाडा. खाड्याचे पैसे उचलीतून वळते होतात. ती दाखला आणायला गेली नाही, हे वेगळं सांगायला नको.

गेल्या हंगामात आमच्या ओढ्याच्या कडेला एक टोळी उतरली होती. बायका संध्याकाळी आमच्या बोअरवर पाण्याला यायच्या, येताना मोबाइल चार्जिंगला लावून जायच्या. त्यांच्यात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी असायची, कडेवर धाकटा भाऊ. ते पोर खाली उतरायला तयार नसायचं. मग ती हंडा पायाने सरकवत पाइपाखाली आणायची आणि भरला की आईची वाट बघत उभी राहायची. एकदा विचारलं, "कितवीला आहेस गं?" म्हणाली, "चौथीला हाय." मग जरा थांबून, "तिकडं."

आईबाप पहाटे चारच्या सुमाराला फडात जायचे. मागे भाकरी, धुणं, भाऊ आणि कोपी सांभाळायचं काम हिचं. दुपारी भावाला बाभळीच्या झोळीत टाकून ती वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधायला जायची. वाढं विकून रोजचा मीठ-मिरचीचा खर्च निघतो, त्यामुळे त्या पेंढ्यांना घरात मोल असतं. शेकड्याचा भाव सांगितला की सदतीस पेंढ्यांचे किती होतील, हे ती आमच्या गोठ्यापाशी उभी राहून तोंडी सांगायची. वाचायला दिलं तर मात्र जोडाक्षराला अडखळायची. गेल्या तीन हिवाळ्यांत शाळा सुटलेली, दुसरं काय होणार? आमच्या शाळेतल्या बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "भावाला घेऊन आली तरी चालेल, पण येऊ द्या." आली. भाऊ तिच्या मांडीवर बसून खडू चघळायचा आणि ती पाढे म्हणायची. थोडे दिवस हे चाललं. मग आमच्या बाजूचा ऊस संपला आणि टोळी कालव्यापलीकडच्या गावात गेली. तिथल्या शाळेने तिला बोलावलं का, हे मला कळायला मार्ग नव्हता. टोळी कुठे गेली, कुणाच्या फडात लागली, हे चिटबॉयला नेमकं ठाऊक होतं. त्याला ते शाळेला सांगायचं असतं, हे कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. माझं म्हणणं काय आहे, ते यापेक्षा वेगळं सांगता येणार नाही.

यावर पहिलं उत्तर येतं ते, 'साखरशाळा पुन्हा सुरू करू.' नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर काही वर्षं कारखान्यांवर साखरशाळा चालल्या, त्यांतून बरीच मुलं शिकली. शिक्षण हक्क कायदा आल्यावर प्रत्येक मूल नियमित शाळेतच गेलं पाहिजे असं ठरलं आणि त्या मागे पडल्या. ते धोरण मला पटतं. तात्पुरत्या पत्र्याच्या खोलीत, तात्पुरत्या मानधनावरच्या शिक्षकाकडे या मुलांनी का शिकावं? शिवाय धंदाही बदलला. बैलगाडीवाले कारखान्याच्या अड्ड्यावर एका जागी राहायचे, तेव्हा गेटजवळची शाळा त्यांना पुरायची. आता ट्रॅक्टरच्या टोळ्या गावोगाव विखुरतात आणि ऊस संपेल तशा पुढे सरकतात. अड्ड्यावर शाळा काढली तरी ती या मुलांपर्यंत पोचणार नाही. गावातली शाळा चार पावलांवर असते. तिला फक्त मुलं आली आहेत हे कळायला हवं.

दुसरं उत्तर, 'मुलांना तिकडेच ठेवा.' तिकडे हंगामी वसतिगृहं आहेत. 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने योजना आली, 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं, प्रत्येकात शंभर मुलं. सगळी सुरू होऊन काठोकाठ भरली तरी 8,200 मुलांची सोय होईल. आणि ज्याच्या घरी म्हातारी माणसं नाहीत, ज्याचं पोर अजून अंगावर पितं, तो कुटुंब घेऊनच येणार. ऊसतोडीची मजुरीच नवरा-बायकोच्या जोडीवर ठरते. दोघांनाही फडात बोलावायचं आणि मुलं घरी ठेवून या म्हणायचं, हे बोलायला सोपं आहे.

तिसरं उत्तर कानावर पडतं ते जरा हळू आवाजात : 'मुलं कामाला नसतात हो, आईबापाला हातभार लावतात.' बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला लावता येत नाही. घरच्या कामात मदतीची सवलत आहे, पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. ज्या मुलीच्या दिवसात शाळाच नाही, तिची शाळा सुटणार कधी आणि ती सवलत तिला लागू होणार कशी?

शाळा हा एकच मुद्दा असता तर कदाचित इतक्या तळमळीने लिहिलं नसतं. शाळेत नसलेलं मूल दिवसभर असतं कुठे, ते बघा. ट्रॉलीच्या चाकाशी, विहिरीच्या काठाशी, शेततळ्याच्या निसरड्या कागदाशी, पाचटात, जिथे साप असतात. 2020 च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्याने तीन माणसं मारली, हे तुम्हाला आठवत असेल. त्यातली एक ऊसतोड कुटुंबातली लहान मुलगी होती, फडात आईबापाबरोबर आलेली. वनखात्याची पथकं आली, शार्पशूटर आले, बिबट्याला गोळी घातली, पेपरांनी पानं भरली. त्या वर्षी फडात मुलं किती होती, हा प्रश्न मात्र कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. विचारला असता तरी उत्तर द्यायला कुणाकडे यादी नव्हती.

आणि मुलगी बारा-तेराची झाली की आईचा घोर वेगळाच होतो. गावाकडे एकटी ठेवावी तर भीती. इकडे आणावी तर कोपीला दार नाही, रात्री दिवा नाही, परसाकडला अंधारात शेतात जायचं. आमच्या बोअरवर येणारी एक बाई म्हणाली, "ताई, तिचं उरकून टाकलं की माझ्या जिवाला बरं." उरकून टाकायचं म्हणजे लग्न. नवराही टोळीतलाच असतो आणि पुढच्या हंगामाला एक नवा कोयता तयार होतो. टोळी आणणाऱ्या मुकादमाला बरं, टोळीला बरं. बालविवाह प्रतिबंधाचा 2006 चा कायदा आहे, ग्रामसेवक आहे, बालकल्याण समिती आहे, 1098 हा नंबर आहे. पण जी मुलगी कुठल्याच यादीत नाही ती कमी झाल्याचं कळणार कुणाला? आठवीत बसणाऱ्या मुलीची निदान बाई तरी विचारपूस करतात, 'का गं, चार दिवस आली नाहीस?'

आता पैशाचं. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी प्रतिटन 10 रुपये द्यायचे आणि तेवढेच शासनाने घालायचे, असं ठरलेलं आहे. 8 लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे 80 लाख होतात. आपल्या जिल्ह्यात तीसच्या वर कारखाने, राज्यात सर्वाधिक. म्हणजे या निधीत सोलापूरच्या उसाचा वाटा लहान नाही. आपापल्या अड्ड्यावर दिवे, शौचालयं, प्यायचं पाणी आणि तीन वर्षांखालच्या पोरांसाठी एक सेविका असलेली खोली, एवढं या निधीतून मागायला सर्व अध्यक्षांनी एकत्र पत्र दिलं तर महामंडळाला नाही म्हणणं जड जाईल. उसाच्या दरावर तुम्ही सगळे एका टेबलावर बसू शकता, हे आम्ही दरवर्षी अनुभवतो.

पण माझ्या मूळ मागणीला पैसा लागतच नाही, हे पुन्हा सांगते. लागते ती शेतकी अधिकाऱ्याची सही. 'मुकादम खरी माहिती देत नाहीत' असं तुम्ही म्हणाल. उचल बुडवून पळणाऱ्या मजुराचं गाव, तालुका, सासरवाडी सगळी माहिती कारखान्याला मिळते. तेव्हा मुकादमाकडून मुलांची नावं काढून घेणं तुम्हाला जमणार नाही, हे मला पटत नाही. एक काळजी मात्र घ्यायला हवी. ही यादी उद्या मजुराच्या विरोधात वापरली गेली, म्हणजे 'मुलं आणलीत, कोयता कमी धरतो' किंवा 'कारवाई करतो' असं झालं, तर पुढच्या वर्षी एकही मूल यादीत दिसणार नाही. यादी शाळेसाठी आणि अंगणवाडीसाठी आहे, हे करारातच लिहावं.

आणि हा जिल्हा बाहेरून आलेल्यांच्या मुलांना शिकवायला नवखा आहे का? गिरण्या आणि हातमागांवर तेलंगणातून, कर्नाटकातून माणसं आली, त्यांच्या पोरांसाठी सोलापुरात पालिकेने मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू शाळा चालवल्या. त्याच शहरात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये ठेवलं गेलं. ती माणसं कायद्याने मोकळी झाली 31 ऑगस्ट 1952 ला, आणि सेटलमेंट हे नाव शहरात अजून आहे. दोन्ही गोष्टी आपल्याच. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचं घ्या. तिथले रणजितसिंह डिसले गुरुजी 2020 मध्ये ग्लोबल टीचर पुरस्काराचे मानकरी ठरले, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठी. ज्या जिल्ह्याने पुस्तकाच्या पानावर कोड चिकटवून दाखवला, त्याला टोळीबरोबर फिरणाऱ्या मुलाचा पत्ता एका शाळेतून दुसऱ्या शाळेला कळवणं अवघड पडेल असं वाटत नाही.

तेव्हा नेमकं काय व्हावं ते सांगते. करारासोबतची यादी मोळी पूजनाच्या आधी पंचायत समितीत पोचावी. कारखान्याच्या गट ऑफिसात एका माणसावर जबाबदारी द्यावी, टोळी हलली की त्याच दिवशी त्याने पुढच्या गावच्या मुख्याध्यापकांना आणि अंगणवाडी सेविकेला फोन करावा. मुख्याध्यापकांनी दाखला न मागता मूल बसवून घ्यावं, त्याची हजेरी वेगळ्या वहीत ठेवावी. पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, टोळ्या परतायला लागल्या की ती हजेरी मुलाच्या हातात द्यावी, म्हणजे गावाकडच्या शाळेत त्याला पाच महिने गैरहजर म्हणून मागे बसवणार नाहीत. 30 सप्टेंबरचा घोळ शासनाने सोडवायचा आहे. पण हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यात किती मुलं जास्त असतात, हा आकडा तुमच्या याद्यांतून पहिल्यांदा हाती आला, तर हंगामापुरते शिक्षक मागायला जिल्हा परिषदेकडे काहीतरी आधार असेल. साखर सहसंचालकांनाही विनंती आहे की पुढच्या वर्षीपासून गाळप परवान्याच्या अर्जासोबत ही यादी मागावी. परवाना अडेल म्हटलं की कामं कशी भराभर होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्या गटापुरती सुरुवात मी केली आहे. ज्या मुकादमाची टोळी आमच्याकडे येते त्याला फोन केला. आधी तो म्हणाला, "पोरांची नावं कशाला, बाई?" मग म्हणाला, "लिहा." अकरा नावं सांगितली, चार जणांची इयत्ता त्याला माहीत नव्हती, ती विचारून कळवतो म्हणाला. तो कागद या पत्रासोबत गट ऑफिसात देत आहे. पोच द्यावी.

आपली,
एक ऊस उत्पादक सभासद,
ता. मोहोळ, जि. सोलापूर

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सोलापूर
मा. प्रादेशिक सहसंचालक (साखर), सोलापूर
मा. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, सोलापूर